बर्गंडींतील मठ आणि द्राक्षमळे

युरोपच्या मध्ययुगाचा इतिहास आम्ही गेलीं पंचवीस वर्षें महाविद्यालयांत शिकवीत आलों आहों. इतक्या वर्षांत क्ल्यूनी आणि सीतो हीं दोन नांवें फळ्यावर किती वेळां लिहिलीं असतील याची गणती नाहीं. दहाव्या शतकांत क्ल्यूनीच्या मठानें ढिलावलेल्या ख्रिस्ती मठजीवनास शिस्त लाविली; पुढें दोन शतकांनीं सीतोच्या मठानें त्याच क्ल्यूनीच्या वैभवाविरुद्ध आवाज उठवून साधेपणाचा पुरस्कार केला; मग परीक्षेंत प्रश्न येतो, ‘दोहोंची तुलना करा.’ विद्यार्थी तुलना करतात, आम्ही गुण देतों, आणि ते मठ कागदावरचे कागदावरच राहतात. ज्या भूमीवर हें सर्व घडलें ती प्रत्यक्ष पाहण्याचा योग मात्र गेल्या सप्टेंबर महिन्यापर्यंत आला नव्हता.

आमचे एक जुने विद्यार्थी नोकरीनिमित्त फ्रान्समधील लियों शहरीं राहतात. त्यांनीं आग्रहानें बोलाविलें, स्वतःची मोटार काढली, आणि घरांतील मंडळींसह आम्हांस पांच दिवस बर्गंडी प्रांतांतून हिंडवून आणलें. या प्रवासाचें साग्र वर्णन करण्याचा येथें हेतु नाहीं. प्रवासवर्णनांची आपल्या भाषेंत वाण नाहीं, आणि मोटारींतून दिसलेल्या टेकड्यांचीं वर्णनें सर्व देशांत सारखींच वठतात. परंतु या पांच दिवसांत आमच्या फळ्यावरच्या विद्येस एक धक्का बसला. जुन्या वस्तु कशानें टिकतात व कशानें नाहींशा होतात, या प्रश्नाचें जें उत्तर आम्ही आजवर वर्गांत देत आलों तें अपुरें आहे असें दिसून आलें. तेवढीच हकीकत वाचकांपुढें ठेवावयाची आहे.

लियोंहून उत्तरेस निघालें म्हणजे दीड तासाच्या आंत क्ल्यूनी गांव येतें. येथील मठ इ. स. ९१० मध्यें आक्विटेनचा ड्यूक विल्यम यानें बेर्नो नांवाच्या मठाधिपतीच्या हवालीं केलेल्या जमिनीवर उभा राहिला. या जागीं ड्यूकचें शिकारीचें ठाणें होतें आणि कुत्र्यांची सोय दुसरीकडे करावी लागेल म्हणून तो प्रथम नाखूष होता. तेव्हां देवाच्या दरबारीं कुत्र्यांचें पुण्य कामीं येईल कीं संन्याशांचें, असें बेर्नोनें त्यास विचारलें, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, दानपत्र खरें आहे. त्यांतील मुख्य अट अशी कीं, या मठावर दात्याचा, त्याच्या वंशजांचा किंवा दुसऱ्या कोणाहि सरदाराचा अधिकार चालणार नाहीं. मठाधिपति कोण व्हावा हें संन्याशांनींच ठरवावें. ज्या काळीं मठ म्हणजे सरदारांच्या धाकट्या मुलांची चरितार्थाची सोय होऊन बसली होती, त्या काळीं ही अट असामान्य होती. तिच्या बळावर क्ल्यूनीची शाखा देशोदेशीं पसरली, आणि भरभराटीच्या काळांत हजारावर मठ या एका मठाच्या आज्ञेंत होते.

वैभव आलें म्हणजे त्यास शोभेसें मंदिर हवें. मठाधिपति ह्यू यानें १०८८ मध्यें येथें तिसऱ्या मंदिराचें काम सुरू केलें. कॅस्टिलचा राजा सहावा आल्फान्सो यानें या कामीं अमाप सोनें दिलें. हें सोनें बऱ्याच अंशीं स्पेनमधील मुसलमान राजांकडून त्यास खंडणीच्या रूपानें मिळालेलें होतें. धर्माच्या इतिहासांत पैशाचे प्रवाह कोठून कोठें वाहतात हें पाहण्यासारखें असतें. १८७ मीटर, म्हणजे सहाशें फुटांहून अधिक लांबीचें हें मंदिर पुढें रोमचें सेंट पीटरचें सध्यांचें मंदिर उभें राहीपर्यंत सर्व ख्रिस्ती जगांत मोठें गणलें जात असे. या इमारतीचा आराखडा आम्हीं फळ्यावर इतक्या वेळां काढला आहे कीं डोळे मिटूनहि काढतां यावा.

मोटार थांबली. समोर एक लहानसा चौक, जुनीं घरें, जमिनींतून वर डोकावणारे खांबांचे तुटके पाये, आणि पुष्कळ दूरवर एक अष्टकोनी मनोरा. आम्हीं विचारलें, “मंदिर कोठें आहे?” आमचे विद्यार्थी थोडे संकोचून म्हणाले, “सर, आपण त्याच्याच आंत उभे आहों.”

तो मनोरा म्हणजे मंदिराच्या दक्षिण बाहूचा उरलेला भाग. मूळ इमारतीचा दहावा हिस्साहि आज शिल्लक नाहीं. तिची लांबीरुंदी तरी आज आपणांस बिनचूक सांगतां येते ती मुख्यतः केनेथ कॉनंट या अमेरिकन संशोधकानें १९२८ पासून दोन तपांच्या आसपास तेथें केलेल्या उत्खननामुळें. मंदिर पडलें हें आम्हांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. पुस्तकांत एक ओळ असते, ती आम्हीहि वर्गांत वाचून दाखवितों. पण ओळ वाचणें निराळें आणि त्या पोकळींत उभें राहणें निराळें.

“एवढें थोरलें देऊळ गांवानें विकलें तरी कसें?” असें घरांतून विचारण्यांत आलें. प्रश्न साधा होता; आमचें वर्गांतलें उत्तरहि तयार होतें. राज्यक्रांतीच्या वावटळींत लोकांचा क्रोध भडकला आणि त्यांत जुन्या श्रद्धेचीं स्थानें नष्ट झालीं, हें तें उत्तर. परंतु त्या चौकांत उभें राहून सनावळीचा हिशेब केला, तेव्हां तें आमचें आम्हांसच पटेना. नोव्हेंबर १७८९ मध्यें धर्मसंस्थेची मालमत्ता राष्ट्राची म्हणून जाहीर झाली. १७९० मध्यें मठ बरखास्त झाले. क्रोधाचा भर ओसरल्यावर, १७९८ मध्यें, ही इमारत विकली गेली. आणि पुढें १८२३ पर्यंत तिचे दगड काढून विकण्याचें काम चालू होतें. राग पंचवीस वर्षें टिकत नाहीं, धंदा टिकतो. बारूद लावून भिंत पाडावी, घडीव दगड मोजून द्यावा, पैसे घ्यावे, असा हा शांतपणें चाललेला व्यवहार होता. शेजारींच सरकारी घोड्यांची पैदास करण्यासाठीं नेपोलियनच्या काळीं जे तबेले बांधले त्यांतहि या मंदिराचा दगड गेला आहे. एके काळीं ख्रिस्ती जगांत सर्वांत मोठ्या गणलेल्या या मंदिरावर त्या वेळीं कोणाचा द्वेष होता असें नव्हे. कोणास त्याची गरज राहिली नव्हती.

याच आवारांत तेराव्या शतकांतील एक इमारत मात्र धडधाकट उभी आहे. ती पाहून हा विचार पक्का झाला. ती मठाचें पिठाचें कोठार होय. खालीं द्राक्षासवाचें तळघर, वर धान्यपिठाची साठवण, आणि त्यावर उलट्या ठेवलेल्या जहाजाच्या सांगाड्यासारखें भव्य लांकडी छप्पर. मंदिराच्या गाभाऱ्याभोंवतींच्या खांबांचे कोरीव माथे आज याच कोठारांत मांडून ठेविले आहेत. देव गेला आणि कोठारानें त्याचे अवशेष पोटाशीं धरले, असा हा प्रकार. मठ गेला तरी माणसांस धान्य ठेवण्यास जागा लागतेच.

क्ल्यूनीहून उत्तरेस बोन शहराकडे जातांना द्राक्षमळे दिसूं लागतात. दिजों शहरापासून दक्षिणेस बोनच्या पुढेंपर्यंत सुमारें पन्नास किलोमीटर लांबीची ठेंगण्या टेकड्यांची एक ओळ आहे. तिच्या पूर्वेकडील उतारावर, चुनखडीच्या जमिनींत, हे मळे पसरले आहेत. पट्टा इतका अरुंद कीं पुष्कळ ठिकाणीं तो पायीं ओलांडण्यास अर्धा तासहि लागूं नये. आम्ही गेलों तेव्हां तोडणी चालू होती; ओळीओळींतून वांकलेलीं माणसें आणि रस्त्याच्या कडेला उभ्या ट्रॉल्या, असें दृश्य पाहून नाशिककडील द्राक्षांच्या हंगामाची आठवण झाली.

येथें वाचकांच्या मनांत येणाऱ्या शंकेचें निरसन करणें बरें. आम्ही स्वतः मद्य घेत नाहीं. बोन येथील एका तळघरांत आम्हांस पेला देण्यांत आला, तेव्हां वास घेऊन तो परत ठेविला. आमच्या विद्यार्थ्यांनीं चव घेऊन ती शेजारच्या भांड्यांत थुंकून टाकली, कारण मोटार त्यांस हांकावयाची होती, आणि जाणत्यांची तेथील चालहि तीच आहे. परंतु संन्याशांनीं मद्य करावें हें आपल्याकडील वाचकांस जितकें विपरीत वाटतें तितकें तें त्या समाजांत नव्हतें. ख्रिस्ती पूजाविधींत द्राक्षासव अवश्य लागतें. शिवाय सहाव्या शतकांत संत बेनेडिक्टनें घालून दिलेल्या नियमांत संन्याशास रोज सुमारें पाव लिटर मद्याची मुभा आहे. ती मुभा त्यानें काहींशा नाखुषीनेंच दिली आहे. संन्याशांनीं मद्य पिऊं नये हें खरें, पण आजकालच्या संन्याशांस तें पटवितां येत नाहीं, तेव्हां निदान बेतानें प्यावें, असा त्याचा सूर आहे. मठ म्हणजे मळा, हें समीकरण यांतून आलें.

बोन शहरांत पाहण्यासारखी मुख्य इमारत म्हणजे तेथील ‘ओतेल-द्यू’, म्हणजे देवाचें घर. वस्तुतः तें गोरगरिबांचें रुग्णालय होतें. बर्गंडीचा ड्यूक फिलिप याचा मुख्य प्रधान निकोला रोलें आणि त्याची पत्नी गीगोन द सालें यांनीं तें १४४३ मध्यें स्थापिलें. १४३५ मध्यें आरास येथें तह होऊन फ्रान्स व बर्गंडी यांचें वैर मिटलें होतें, परंतु बेकार झालेल्या शिपायांच्या टोळ्या मुलूख लुटीत फिरत होत्या; वर दुष्काळ आणि सांथ. १ जानेवारी १४५२ रोजीं येथें पहिला रुग्ण दाखल झाला. अंगणांत उभें राहिलें कीं हिरव्या, पिंवळ्या, तांबड्या, तपकिरी कौलांच्या नक्षीचें उतरतें छप्पर दिसतें. आंत मोठ्या दालनांत दोन्ही भिंतींकडेनें खाटांच्या रांगा, आणि टोंकास प्रार्थनामंदिर, कीं रुग्णास अंथरुणावरूनच पूजा दिसावी. एकेका खाटेवर दोघे निजत. रोगिर व्हॅन डर वेडन या थोर फ्लेमिश चित्रकाराचें ‘अंतिम न्याय’ हें अनेक फळ्यांचें चित्र या दालनासाठींच काढलेलें होतें. मरणोन्मुख माणसापुढें असें चित्र ठेवण्यांत दया अधिक कीं दहशत अधिक, याचा निर्णय आम्हांस करतां आला नाहीं.

प्रधान रोलें हा कांहीं साधुपुरुष नव्हता. त्यानें हयातींत इतके लोक दरिद्री केले आहेत कीं त्यांच्यासाठीं एखादें रुग्णालय बांधणें त्यास भागच होतें, असा टोला फ्रान्सचा राजा अकरावा लुई यानें मारला, अशी आख्यायिका आहे. दानाच्या मागें परलोकाची धास्ती होती हेंहि उघड आहे. परंतु आम्हांस विचार करावयास लाविलें तें या संस्थेच्या आयुष्यानें. संस्थापकांच्या मागून श्रद्धाळू लोक तिला मळे दान देत गेले. आपल्याकडे देवस्थानास जमीन इनाम देत तसेंच. आज या संस्थेच्या मालकीचे सुमारें साठ हेक्टर, म्हणजे दीडशें एकर मळे आहेत. १८५९ पासून त्यांच्या द्राक्षासवाचा जाहीर लिलांव नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारीं होत आला आहे. या उत्पन्नावर रुग्णालय चाललें. राजे गेले, क्रांति झाली, साम्राज्यें आलीं व गेलीं, आणि त्या जुन्या दालनांत परिचारिका भगिनी रुग्णांची शुश्रूषा करीतच राहिल्या. १९७१ मध्यें रुग्णालय नव्या इमारतींत गेलें, तेव्हां जुनी वास्तु संग्रहालय झाली. क्ल्यूनीच्या मंदिरावर गवंड्याच्या पहारी पडत होत्या त्याच वर्षांत या दालनांत कोणी तापानें फणफणलेला मजूर निजला होता. म्हणून येथील एक कौलहि विकलें गेलें नाहीं.

बोनहून दिजोंच्या रस्त्यानें निघालें म्हणजे अर्ध्या तासांत वूजो गांव येतें. येथें सीतोच्या संन्याशांचा प्रसिद्ध द्राक्षमळा आहे. या पट्ट्यांतील जमिनीचे शेंकडों लहान तुकडे पडलेले असून प्रत्येकास स्वतंत्र नांव, स्वतंत्र सीमा आणि स्वतंत्र लौकिक आहे. अशा तुकड्यास तेथें ‘क्लिमा’ म्हणतात. युनेस्कोनें २०१५ मध्यें असे १,२४७ क्लिमा जागतिक वारशाच्या यादींत घेतले. द्राक्षाची जात तीच, हवा तीच, करणारा माणूसहि कदाचित् तोच. तरी पायवाटेच्या या बाजूच्या रसाची चव त्या बाजूच्या रसास नाहीं, असा तेथील लोकांचा अनुभव आहे. संन्याशांनीं जमिनीची माती जिभेवर ठेवून हे भेद ठरविले, अशी दंतकथा सांगतात. खरें कारण त्याहून साधें आणि त्याहून मोठें आहे. शेतकरी मरतो, त्याच्या वाटण्या होतात, अनुभव त्याच्याबरोबर जातो. मठ मरत नाहीं. कोणत्या तुकड्यावर पाणी सांचतें, कोणत्यावर धुकें आधीं पडतें, कोठलें पीक आधीं पिकतें, हें पाहणाऱ्या डोळ्यांची परंपरा तेथें पिढ्यानपिढ्या अखंड राहिली.

सीतोच्या संन्याशांनीं बाराव्या शतकापासून वूजो येथें दानानें, खरेदीनें व अदलाबदलीनें जमिनी गोळा केल्या आणि १३३६ च्या सुमारास सबंध मळ्यास दगडी भिंत घातली. सुमारें पन्नास हेक्टरांचा हा मळा म्हणून ‘क्लो द वूजो’, म्हणजे वूजोचें कुंपण, या नांवानें ओळखला जातो. आंत बाराव्या शतकांतील तळघर आहे, द्राक्षें दाबून रस काढण्याचीं प्रचंड लांकडी यंत्रें आहेत, आणि १५५१ मध्यें बांधलेला वाडा आहे. क्रांतींत हाहि मळा जप्त होऊन विकला गेला. परंतु दगड उपटून न्यावा तसा मळा उपटून नेतां येत नाहीं, आणि नेण्यांत कोणाचा फायदाहि नव्हता. १८८९ पर्यंत तो एकसंध राहिला. त्या वर्षीं त्याचे प्रथम तुकडे पडले. पुढें सर्व मुलांस सारखा वांटा देणाऱ्या फ्रेंच वारसाकायद्यानें त्यांचेहि तुकडे झाले, आणि आज त्या एका भिंतीच्या आंत ऐंशींहून अधिक मालक आहेत. वाटणीचें हें दुःख आपल्या वाचकांस समजावून सांगण्याची जरूर नाहीं. नवल एवढेंच कीं, मालक ऐंशीं झाले तरी मळ्याचें नांव एकच राहिलें.

आम्हीं एका वेलीच्या खोडावर हात ठेवून विचारलें, “हिचें वय काय असेल?” या वेली संन्याशांच्या हातच्या असाव्यात अशी आमची भाबडी समजूत होती. “फार तर साठ-सत्तर वर्षें,” असें उत्तर आलें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंतून फायलॉक्सेरा नांवाची, माव्याच्या जातकुळीची एक सूक्ष्म कीड फ्रान्समध्यें आली. ती मुळांतील रस शोषते. १८७८ मध्यें ती बर्गंडींत आढळली आणि थोडक्याच वर्षांत जुने मळे मेले. उपाय सांपडला तोहि अमेरिकेंतूनच: या किडीस दाद न देणाऱ्या अमेरिकन वेलीचा खुंट घ्यावा आणि त्यावर फ्रेंच वेलीचें कलम बांधावें. आपल्या नाशिक-सांगलीकडील बागाईतदार आज ‘डॉगरिज’ खुंटावर कलम करतात. तेथें कारण जमिनीचा खारटपणा व पाण्याची टंचाई हें असलें तरी तो खुंटहि मूळचा अमेरिकनच. वूजोजवळच्या रोमाने-कोंती नांवाच्या साडेचार एकरांच्या मळ्यानें जुन्याच मुळांचा हट्ट धरला होता. फांदी जमिनींत दाबून तीच नवी वेल करावयाची, ही दाब कलमाची जुनी रीत तेथें चालू राहिली. पण दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस त्या वेलीहि थकल्या आणि १९४५ मध्यें त्या उपटून टाकाव्या लागल्या.

म्हणजे संन्यासी गेले, त्यांची मालकी गेली, त्यांच्या वेलीहि गेल्या. मग उरलें काय? उरला तो बांध. १९३७ मध्यें फ्रेंच सरकारनें या मळ्याच्या मद्यास कायदेशीर संरक्षण देऊन त्याची हद्द ठरविली ती चौदाव्या शतकांतल्या त्याच भिंतीची. बांधासाठीं डोकीं फुटलेलीं आम्हीं आपल्याकडे पाहिलीं आहेत. बांध हाच सहाशें वर्षांचा ऐतिहासिक दस्तऐवज होऊं शकतो हें मात्र आम्हांस येथें कळलें.

हा दस्तऐवज कोणी लिहिला, याचाहि विचार झाला पाहिजे. नाहीं तर आम्ही पुन्हां मठाधिपतींच्या नामावळीकडेच वळूं. सीतोच्या पंथांत दीक्षित संन्याशांच्या जोडीला कष्टाचीं कामें करणारे निरक्षर बंधु असत. त्यांस मंदिरांत निराळी जागा, जेवणास निराळें दालन. खोदणें, छाटणें, वाहणें हें बहुतेक त्यांच्याकडे. पुढें ते मिळेनासे झाल्यावर मजूर आणि कुळें आलीं. त्यांच्या वांट्यास येणारें पेय बहुधा पिळून झालेल्या चोथ्यावर पाणी ओतून केलेलें असे. १३९५ मध्यें ड्यूक फिलिपनें गामे जातीचीं द्राक्षें हलकीं म्हणून उपटून टाकण्याचा हुकूम काढला. या हुकुमाची द्राक्षासवाच्या ग्रंथांत फार स्तुति असते. परंतु गामे दुप्पटतिप्पट पिकत असे, आणि ज्याच्याजवळ दोनच ओळी जमीन त्यास पिकाचें प्रमाण हेंच पोट होतें. उत्तम वस्तूच्या इतिहासांत अशा पोटांची नोंद क्वचित् सांपडते.

खुद्द सीतो वूजोपासून थोड्या अंतरावर, सखल पाणथळ प्रदेशांत आहे. रॉबर्ट नांवाचा मठाधिपति १०९८ मध्यें मोजक्या सोबत्यांसह येथें आला. पुढें १११३ च्या सुमारास तरुण बर्नार्ड सुमारें तीस आप्तमित्रांसह दाखल झाला आणि पंथाचें भाग्य उघडलें. याच बर्नार्डनें क्ल्यूनीच्या पद्धतीवर कडक टीका केली: मंदिरांची भलती उंची, भलता खर्च, आणि दाराशीं उपाशी गरीब. त्या टीकेंतील रोख आम्ही वर्गांत आवेशानें सांगतों. सीतो येथें आज पाहण्यासारखें जुनें फारच थोडें आहे. क्रांतीनंतर ओस पडलेल्या या जागीं १८९८ मध्यें, स्थापनेनंतर बरोबर आठशें वर्षांनीं, संन्यासी परत आले. ते आतां द्राक्षासव करीत नाहींत. गाईच्या दुधाचें चीज करून विकतात व त्यावर मठ चालतो.

शेवटच्या दिवशीं फोंतने येथील मठ पाहिला. बर्नार्डनें तो १११८ मध्यें स्थापिला आणि त्याचें मंदिर ११४७ मध्यें पवित्र केलें गेलें. नक्षी नाहीं, रंग नाहीं, मनोरा नाहीं. उघडा दगड आणि त्यावर खिडकींतून पडलेला प्रकाश. पलीकडे पाण्याच्या प्रवाहाकांठीं संन्याशांची लांबलचक लोहारशाळा आहे. इतका संपूर्ण मठ क्रांतींतून वांचला कसा? आमच्या विद्यार्थ्यांनीं हसून सांगितलें, “सर, येथें कागदाचा कारखाना होता!” क्रांतींत विकल्यावर येथें कागद होऊं लागला; १८२० मध्यें तो कारखाना आकाशांत फुगा उडविणाऱ्या मोंगोल्फिये बंधूंच्या घराण्याकडे आला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत चालला. मंदिराच्या गारव्यांत संन्याशांच्या जागीं मजूर वावरले. १९०६ मध्यें लियोंचे एक धनिक एद्वार एनार यांनीं ही जागा घेतली, कारखान्याच्या इमारती काढून टाकल्या आणि मठास मूळ रूप दिलें. १९८१ मध्यें तो जागतिक वारसा ठरला. एनार यांची रसिकता वंद्य आहे. परंतु त्यांच्यापूर्वीं शंभर वर्षें ज्यांनीं छप्पर गळूं दिलें नाहीं त्यांस रसिकतेशीं कांहीं कर्तव्य नव्हतें. कागद भिजूं नये एवढीच त्यांची काळजी होती.

यावरून उपयोग हाच काय तो खरा आणि श्रद्धा व सौंदर्य हे दुबळे शब्द, असा सिद्धान्त कोणी काढील तर तो आमच्या मतें चुकीचा होईल. श्रद्धेवांचून ही इमारत मुळांत उभीच राहिली नसती, आणि रसिकतेवांचून ती आज कारखानाच राहिली असती. पण श्रद्धेस भरती-ओहोटी आहे. एक पिढी देऊळ बांधते, दुसरी तें विसरते, तिसरीस त्याची पुन्हां आठवण होते. मधल्या विसरलेल्या पिढीच्या हातून वस्तु सुरक्षित पार पडते ती बहुधा कोणास तरी रोज उठून तिचें काम पडत असल्यामुळें: रुग्णास खाट, धान्यास कोठार, कागदास छप्पर, मळ्यास बांध. आमच्या शिकवण्यांत बांधणारे होते, मोडणारे होते आणि जीर्णोद्धार करणारे होते. ही मधली वापरणारीं माणसें तेवढीं नव्हतीं. पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्यांचें हें देणें आमच्या अंगावर आहे.

परत आल्यावर प्रथम सत्राची प्रश्नपत्रिका काढावयाची होती. ‘क्ल्यूनी व सीतो यांची तुलना करा’ हा प्रश्न यंदा आम्हीं घातला नाहीं. त्याच्या जागीं असा घातला: ‘क्ल्यूनीचें मंदिर पडलें व त्याचें कोठार राहिलें, याचीं कारणें आपल्या शब्दांत लिहा.’ उत्तरपत्रिकांचा गठ्ठा समोर आहे. तो अजून सोडला नाहीं.